चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

आजोळच्या गेल्या लग्नात मांडवामागच्या चिंचेखाली दोन बोलेरो शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक मामांची, २००९ सालची. दुसरी नवरदेवाच्या काकांची, २०१७ सालची. मामांच्या गाडीचे बोनेट उन्हाने पिवळट पडले होते आणि पुढच्या बंपरचे काळे प्लास्टिक राखाडी झाले होते, मागची बाजू मात्र कालच शोरूममधून आणल्यासारखी पांढरी होती. असे का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही, कारण माझे लक्ष दुसरीकडे होते. पहिली पंगत बसायला अवकाश होता, माझ्या गाडीत पाच मीटरचा टेप कायम असतो, आणि हे दोघे असे जोडीने पुन्हा हाती लागतील याचा भरवसा नव्हता. तेव्हा मी झब्बा सावरत उकिडवा बसलो आणि मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी वगळून दोन्ही गाड्या बंपरपासून बंपरपर्यंत मोजल्या. टेपचे दुसरे टोक धरायला सात-आठ वर्षांचा एक मुलगा आपण होऊन आला आणि शेवटपर्यंत इमानाने वाकून राहिला. तेवढ्यात मामा आले, क्षणभर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय भाचेबुवा, आता गाड्यांच्याही पत्रिका जुळवताय का?"

पत्रिका जुळत नव्हती. जुनी गाडी नवीपेक्षा जवळजवळ अर्धी वीत लांब भरली. कंपनीचे आकडेही तेच सांगतात: जुनी बोलेरो ४,१०७ मिलिमीटर लांब होती आणि २०१६ साली 'पॉवर प्लस' या नावाने जी आली ती ३,९९५. चौकोनी तोंडवळा तोच, पत्रा तोच, दार लावतानाचा खणखणीत आवाजही तोच. फरक पडला तो बंपरांत आणि बोनेटखाली, जिथे अडीच लिटरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाऐवजी दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसले. बोलेरो आखूड करा, असा अर्ज घेऊन कोणी शेतकरी, ठेकेदार किंवा सरपंच कंपनीकडे गेला असेल असे मला वाटत नाही. मग ही अर्धी वीत कापली कोणी?

२८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडताना छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. सवलत द्यायची तर छोटी मोटार म्हणजे कोणती हे सांगणे भाग होते आणि ते असे सांगितले गेले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेलचे १५०० सीसीच्या आत. त्यानंतर शुल्काचे दर वरखाली होत राहिले, २०१७ मध्ये उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचेही दर बदलले, पण चार मीटरची रेघ जागची हलली नाही. आज त्या रेघेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के कर आहे आणि बाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. कर धरण्याआधीची किंमत दहा लाख असेल, तर हा फरक दोन लाख वीस हजारांचा होतो. अर्ध्या वितीसाठी एवढे पैसे मोजायला मामांसारखा माणूस तयार होणार नाही, हे कंपनीला पक्के ठाऊक होते.

मोटारींचे वेड असलेली आम्ही मंडळी एकत्र जमलो की इटालियन रेखाटनकारांची, जर्मन इंजिनांची आणि जपानी गिअरबॉक्सची चर्चा करतो. माझे मत असे आहे की, गेल्या वीस वर्षांत भारतीय मोटारीच्या आकारावर सर्वांत खोल ठसा उमटवणारी गोष्ट म्हणजे कर आकारणाऱ्याची ही फूटपट्टी आहे आणि तिचे नाव आमच्या गप्पांत फारसे निघतच नाही. डिझायर, ऑरा, अमेझ, व्हेन्यू, सोनेट, नेक्सॉन, ब्रेझा या गाड्यांची माहितीपत्रके समोर ठेवली, तर लांबीच्या रकान्यात ओळीने एकच आकडा दिसतो: ३,९९५. कोणी जपानी, कोणी कोरियन, कोणी आपल्या घरची. पण सगळ्यांचे कपडे एकाच शिंप्याने बेतलेले. उरलेले पाच मिलिमीटर हा कारखान्याने स्वतःसाठी राखलेला श्वास. पेन्सिलीची जाडीही याहून जास्त असते.

गाडी आरंभापासून आखूड कल्पिली असेल तर त्यात दोष नाही. वाईट दिसते ती कल्पिलेली लांब आणि नंतर कापलेली गाडी. २००८ साली टाटांच्या इंडिगोची शेपटी आखडून 'इंडिगो सीएस' आली आणि चार मीटरच्या आतली सेडान हा प्रकार आपल्याकडे रूढ झाला. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये तीही ३,९९५ वर आली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर. त्याच २०१२ मध्ये साडेचार मीटरच्या झायलोला अर्धा मीटरहून जास्त कापून क्वांटो काढली गेली. २०१६ मध्ये चाकणला फोक्सवॅगनने पोलोला डिकी जोडून अमिओ बनवली, तेव्हा मागे दिलेली लांबी पुढून परत घ्यावी लागली आणि पोलोचे नाक, म्हणजे पुढचा बंपर, थोडा आत घेतला गेला. जर्मनीतून आलेल्या गाडीने पुण्यात नाक कापून घ्यावे, हे त्या शहराच्या लौकिकाला साजेसेच झाले.

सेडान दिसायला का बिघडते, हे एकदा कडेने उभे राहून पाहण्यासारखे आहे. अशा गाडीचे तीन भाग असतात: बोनेट, माणसे बसण्याची जागा आणि डिकी. छपराची रेघ मागच्या सीटवरून उतरत डिकीच्या झाकणाला मिळते आणि ती उतरण जेवढी सैल, तेवढी गाडी ऐटबाज दिसते. पण माणसांना डोके टेकायला उंची हवी, पाय पसरायला जागा हवी आणि एकूण लांबी तर ठरलेली. मग छपराला सावकाश उतरायला वाव राहत नाही. ते मागच्या सीटपर्यंत उंच जाते, काच कड्यासारखी खाली येते आणि तिच्या पायथ्याशी डिकीचे एक बुटके झाकण उरते, अर्धवट ओढून विसरलेल्या ड्रॉवरसारखे. दुसऱ्या पिढीच्या डिझायरकडे मी सिग्नलवर कितीतरी वेळा असा पाहत राहिलो आहे की मागच्याला हॉर्न वाजवावा लागला. अलीकडच्या गाड्यांत हे काम पुष्कळ सफाईने होते, हे कबूल केले पाहिजे. शिंपी वीस वर्षे तेच माप शिवतो आहे, हात बसणारच.

तरीही या गाड्या धो धो खपल्या आणि त्यामागचे कारण मला माझ्याच घरात सापडते. आमच्याकडे डिकी ही सामानाची जागा कमी आणि प्रतिष्ठेची जास्त. माझी पहिली हॅचबॅक दारात उभी राहिली तेव्हा आत्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हळूच विचारले, "अरे, मागचं राहिलंय का यायचं?" अॅम्बेसेडर आणि फियाट पाहून ज्यांचे डोळे तयार झाले, त्यांना बिनडिकीची गाडी अपुरीच वाटणार. आपल्याला आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी असते: गल्लीत वळली पाहिजे, आत पाच माणसे आणि एक आजी मावली पाहिजे, अॅव्हरेज दिले पाहिजे आणि वर डिकीही पाहिजे. फूटपट्टी सरकारची असली तरी तिला धार आपणच लावली.

अशी गाडी आपल्याकडे पूर्वी होती, ही यातली मौज. आमच्या अण्णांची पद्मिनी १९८४ सालची, फिकट निळी. तिचे गिअर स्टीअरिंगच्या दांड्यालाच होते, पुढे अखंड सीट असल्यामुळे अण्णा, आई आणि मध्ये मी असे तिघे बसत असू, आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यातली तिकोनी झडप अण्णा अशा कोनात उघडत की वारा थेट त्यांच्या बाहीत शिरे. थंडीत चोक ओढून तिला जागे करण्याचा एक विधी होता आणि तो अर्धवट सोडला की ती रुसे. डिकीत दोन होल्डॉल, हापूसची एक पेटी आणि पाण्याचा कॅन सहज मावत. पाण्याचा कॅन आमच्यासाठी नव्हता, खंबाटकी चढताना रेडिएटरला लागत असे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका संग्राहकाकडे तशीच पद्मिनी भेटली आणि अर्थातच मी टेप काढला. चार मीटरला सात सेंटीमीटर कमी. इंजिन १,०८९ सीसी, पेट्रोल. म्हणजे २००६ च्या व्याख्येतल्या एकूण एक अटी पुऱ्या करणारी, डिकीवाली, चार दारांची, नजरेला कुठेही न खुपणारी सेडान ती व्याख्या जन्माला येण्याच्या चाळीस वर्षे आधी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती.

हे मोजमाप मी विजयी मुद्रेने अनेकांना सांगितले, पण न्यायाने बोलायचे तर ही तुलना खरी नाही. पद्मिनी सडपातळ होती, कारण तिच्या अंगात काहीच नव्हते. दारांत धक्का सोसणाऱ्या पट्ट्या नाहीत, पुढे आदळल्यावर चुरून माणसाला वाचवणारा भाग नाही, एअरबॅग नाही, अण्णांच्या गाडीत एसीही नव्हता. रुंदी जेमतेम दीड मीटरची असल्याने मागे तिघे बसले की मधल्याने खांदे जरा पुढे काढायचे, हा अलिखित नियम होता. तसे दार आणि तसा स्टीअरिंगचा ताठ दांडा कोणी आज विकायला काढला, तर पहिली तक्रार मीच करीन.

शिवाय पद्मिनीलाही सरकारनेच घडवले होते, फक्त दुसऱ्या तऱ्हेने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथे आधी अमेरिकन आणि मग फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि फियाटशी असलेला करार संपल्यावर पुढे तीच पद्मिनी झाली. मग ती सन २००० च्या आसपासपर्यंत जवळजवळ त्याच पत्र्यात निघत राहिली. किती गाड्या काढायच्या यावर परवान्याचा लगाम, परदेशी सुट्या भागांवर बंधने, एका काळात तर विक्रीची किंमतही सरकारने ठरवलेली. अशा स्थितीत नवे काही करण्याची कारखान्याला ना मुभा होती ना गरज. त्या वेळचा नियम गाडी गोठवत होता, आजचा कापतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मला हळहळ वाटली आणि ज्यांनी ती रोज बारा-बारा तास चालवली, त्यांना बहुधा पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली असेल.

कराने गाडीला आकार देणे ही काही आपली एकट्याची करामत नाही. इंग्लंडात १९४० च्या दशकाअखेरीपर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. पिस्टन किती खाली-वर जातो याला हिशेबात जागाच नव्हती. मग इंग्रज अभियंत्यांनी अरुंद आणि उंच सिलिंडर बनवले. १९४८ च्या मॉरिस मायनरच्या, म्हणजे आपल्याकडच्या 'बेबी हिंदुस्थान'च्या, ९१८ सीसी इंजिनाचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर होती, विहिरीत पोहरा सोडावा तशी. अशी इंजिने कमी वेगात बैलासारखी ओढत आणि जोरात पळवली की धापा टाकत. कर गेला, पण त्याच्या सोयीने बेतलेली इंजिने त्यानंतरही वर्षानुवर्षे धापा टाकत राहिली.

जपानची गोष्ट अधिक शहाणपणाची आहे. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे आणि त्याला लांबीच नव्हे तर रुंदी आणि उंचीचीही मर्यादा आहे: सध्या लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर आणि इंजिन ६६० सीसी. चारी बाजूंनी भिंती असल्यामुळे जपानी रचनाकाराला कुठूनही निसटता येत नाही. त्याला आतली जागाच हुशारीने वापरावी लागते. आपल्या मारुती ८०० चा जन्म याच कोंडवाड्यातला. १४ डिसेंबर १९८३ रोजी जिची पहिली किल्ली दिली गेली, ती गाडी मुळात त्या वेळच्या ५५० सीसीच्या केई वर्गासाठी आखलेली सुझुकी होती. आपल्याकडे येताना तिला ७९६ सीसीचे इंजिन मिळाले. म्हणजे भारतीय मध्यमवर्गाचे मोटारीवरचे पहिले मोठे प्रेम टोकियोतल्या करनियमांच्या पोटी जन्मले होते. साडेसहाशे किलोंच्या आसपासच्या त्या डबीत चार मोठी माणसे बसत आणि पुढची चाके अगदी कोपऱ्यात असल्याने कुठल्याही बोळात ती पाण्यातल्या माशासारखी वळे. तिच्याबद्दल मी कधी कुणाकडून 'कापल्यासारखी दिसते' असे ऐकले नाही, कारण तिच्यात कापण्यासारखे काही शिल्लकच नव्हते.

आपल्या नियमाने मात्र एकच बाजू मोजली. रुंदी मोकळी, उंची मोकळी, वजन मोकळे. जे मोजले जात नाही ते वाढते, हे कुठल्याही वाण्याला कळते. लांबीला कुंपण पडल्यावर गाड्या आकाशाकडे वाढल्या. माणसाला खुर्चीवर बसल्यासारखे ताठ बसवले की त्याला लांबी कमी लागते, हे सँट्रो आणि वॅगनआर यांनी व्याख्येच्याही आधी दाखवून दिले होतेच. मग त्या उंचीला रुबाब देण्यासाठी चाके मोठी झाली, बोनेट फुगले, चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या कमानी आल्या आणि खालून गाडी उचलली गेली. आज 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणून जी विकली जाते, ती मला कपाट उभे करून त्याला चाके लावल्यासारखी वाटते. खड्डे आणि बेहिशेबी गतिरोधक यांच्या देशात उंच गाडीचे सुख मी नाकारत नाही. माझी स्वतःचीही गाडी उंचच आहे. पण बाराशे किलोंच्या पुढे गेलेली गाडी आणि सातशे किलोंची गाडी या दोघींना जो कायदा एकाच मापाने 'छोटी' म्हणतो, त्याला छोटेपणाचा अर्थ नेमका काय अभिप्रेत आहे, हे मला कळत नाही. पेट्रोल जळते ते वजन ओढायला, रस्ता झिजतो तो वजनाने, आणि सायकलवाल्याला धडक बसते तीही वजनाची. वजन मोजले असते तर अभियंत्याचा घाम पत्रा हलका आणि पोलाद चांगले करण्यात गेला असता. लांबी मोजली म्हणून तो बंपर आत ओढण्यात गेला.

आखूड गाडी असुरक्षित असते, हा शौकिनांचा आणखी एक लाडका आक्षेप आहे आणि तो मी पूर्वी हिरिरीने मांडत असे. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने गाड्या आदळून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरनेही. दोघी चार मीटरच्या आतल्या. तेव्हापासून तो आक्षेप मी घडी घालून ठेवला आहे.

या फूटपट्टीची खरी गंमत तिच्या आतल्या गाड्यांपेक्षा तिला उगाचच शरण गेलेल्या गाड्यांत आहे. ब्रेझा २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन होते आणि ३,९९५ मिलिमीटर लांबीचा तिला पुरेपूर फायदा मिळत होता. २०२० मध्ये डिझेल गेले आणि १,४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन आले. पेट्रोलची मर्यादा १,२०० ची असल्यामुळे सवलत त्याच दिवशी संपली. आज ब्रेझावर ४० टक्के कर आहे. लांबी मात्र अजून ३,९९५. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. नाशिकची थार याच्या उलट दिशेने आली: २०२० च्या थारची लांबी ३,९८५ होती, पण इंजिने दोन लिटरच्या पुढे किंवा त्याच्या अगदी जवळ, त्यामुळे आखूडपणाचा काडीचा उपयोग नव्हता, मग जानेवारी २०२३ मध्ये १,४९७ सीसीचे डिझेल आणि फक्त मागच्या चाकांना जोर अशी थार काढून ती सवलत पदरात पाडून घेतली गेली. डोंगर चढायला जन्मलेल्या गाडीची पुढची चाके कराच्या हिशेबात मोकळी सुटली, याचे मला आजही नवल वाटते. गिऱ्हाइकांना वाटत नाही. ती गाडी बहुतेक वेळा कॉफीच्या दुकानापर्यंतच चढते.

पुणे स्टेशनवर पहाटे उतरून टॅक्सी बोलावली की या सगळ्या कारभाराचे सार एका झाकणाखाली पाहायला मिळते. येणारी गाडी हमखास चार मीटरची सेडान असते. चालक उतरतो, आपल्या दोन बॅगांकडे पाहतो, डिकी उघडतो आणि आत लोखंडी चौकटीत जखडलेली सीएनजीची टाकी आडवी झोपलेली असते. तिच्या अंगावर एक जुनी चादर, कडेला पाण्याची बाटली, फडके आणि टाकीच्या पुढे जेमतेम एका शबनम पिशवीची जागा. डिकी हवी म्हणून सेडान घ्यायची, कर वाचावा म्हणून तिची डिकी कापायची आणि इंधन परवडावे म्हणून उरलेल्या डिकीत टाकी बसवायची. मोठी बॅग पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसते आणि गाडी सुरू झाली की पट्टा लावला नाही म्हणून ती बॅग टिंग टिंग करत राहते. एकदा चालकाने शांतपणे त्या बॅगेला पट्टा बांधला. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या, तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही स्पोर्ट्स कारच्या अनावरणाहून मोठा होता. अशा साध्या सुधारणेला बक्षीस द्यायला आपल्याकडे कोणाला सुचत नाही.

लांबीची मर्यादा सरसकट उठवावी, असे मात्र मी म्हणणार नाही. सदाशिव पेठेत ज्याने संध्याकाळी सहा वाजता गाडी लावून दाखवली आहे, त्याला आखूड गाडीचे पुण्य सांगावे लागत नाही. आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांनी पावणेपाच मीटरची गाडी आणली आहे. तिचे शेपूट जाण्यायेण्याच्या वाटेवर येते आणि दूधवाला रोज तिला वळसा घालताना काहीतरी पुटपुटतो. शहरातली जागा ही सगळ्यांची असते आणि जास्त जागा अडवणाऱ्याकडून जास्त पैसे घेणे मला रास्त वाटते. पण मग लांबीबरोबर रुंदी मोजा, वजन मोजा, धूर मोजा, आणि ३,९९५ आणि ४,००५ यांच्यामध्ये बावीस टक्क्यांचा कडा उभा करण्याऐवजी एक उतार ठेवा. एका मिलिमीटरला थोडासा कर असला तर रचनाकार गाडीला हवी तेवढी लांबी देईल. एका मिलिमीटरवर लाखांचा खेळ ठेवला तर तो करवत घेऊनच बसणार. मध्यंतरी एका शोरूममध्ये विक्रेत्याने मला गाडीची वैशिष्ट्ये सांगताना छतातली काच, मोठा स्क्रीन आणि "सर, सब-फोर-मीटर आहे" हे एकाच दमात सांगितले. नियमातली पळवाट आता गिऱ्हाइकाला सुविधा म्हणून सांगितली जाते आहे.

सप्टेंबरमध्ये जीएसटी उतरला आणि दिवाळीच्या आत मामांनी जुनी बोलेरो देऊन नवी घेतली. बातमी कळल्यावर मी फोन केला. एव्हाना माझ्याकडे आकडे तयार होते: बोलेरोवरचा कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला, हे सगळे लांबीच्या त्या अर्ध्या वितीमुळे, २००६ चा अर्थसंकल्प, कापलेले बंपर, वगैरे. मामांनी सगळे ऐकून घेतले.

"ते असेल रे," ते म्हणाले, "पण मी घेतली ती गोठ्यासाठी."

जनावरे कमी केल्यापासून मामांची गाडी जुन्या गोठ्यात उभी असते, हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते एवढेच की, जुनी गाडी मागच्या भिंतीला टेकवली तरी तिचे नाक चौकटीच्या बाहेर राहत असे आणि त्यामुळे गोठ्याचे दार इतकी वर्षे कधी लागलेच नव्हते. दार पश्चिमेला. दुपार कलली की ऊन आत शिरून थेट बोनेटवर बसे.

"आता लागतं का?" मी विचारले.

"लागतं. कडी लागायला जरा पोटाने रेटावं लागतं, पण लागतं."

पुढच्या वेळी गेलो की टेप घेऊन गोठा मोजायचा, असे मी ठरवले आहे.